बाईच्या डोक्यावरचं बिंदगं

द्वारका मला जेवायला बोलवायला आली, त्याच दिवशी मी ठरवलं की हिची वाट बंद करायची.

नीट सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई उगाच तोंड सोडते. तोंड माझं सुटलेलंच आहे. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून सासू तेच म्हणत होती आणि मरेपर्यंत म्हणत राहिली. पण ही गोष्ट ऐकून घ्या आणि मग काय म्हणायचं ते म्हणा. चांगलं म्हणाल अशी माझी अपेक्षा नाही.

द्वारका मातंग वस्तीतली. नवरा ऊसतोडीला गेला तो तिकडंच ट्रॉलीखाली गेला, तेव्हा पोरगी सोनाली अंगावर पीत होती. तेव्हापासून वीस वर्षं द्वारका आमच्याच रानात. खुरपणी, तुरीची काढणी, ज्वारीची कापणी, सगळ्याला. मी बांधावरून "ए द्वारके" म्हटलं की "जी मालकीण" म्हणून मान वर करायची. मला अख्खं गाव मालकीणच म्हणतं. किराणावाला म्हणतो, पिठाच्या गिरणीवाला म्हणतो, भिशीतल्या बायका म्हणतात. माझं नाव भुवनेश्वरी आहे हे आता गॅसच्या पुस्तकालाही माहीत नसेल, कारण तेही ह्यांच्या नावावर आहे.

आमची जमीन बत्तीस एकर. येडशीच्या बाजूला जाणाऱ्या सडकेला लागून. तिच्या पाठीमागं दोन एकरांचा एक तुकडा होता उत्तरेश्वरकाकांचा. काका गेले, पाठोपाठ त्यांची बायको सिताबाई गेली, पोरं पुण्याला. आमच्या ह्यांचा, म्हणजे रणधीररावांचा, त्या तुकड्यावर कधीपासून डोळा होता. आमच्यातून गेल्याशिवाय त्या रानात जाताच येत नाही, तर घेणार तरी दुसरं कोण, असं म्हणून हे निवांत बसले. काकांच्या पोरांनी काय करावं? सरकारची योजना असते, भूमिहीन विधवा बायांना जमीन घेऊन देण्याची, त्यात तो तुकडा सरकारला देऊन मोकळे झाले. आणि सरकारनं तो दिला द्वारकेला. तिच्या एकटीच्या नावावर. अट एवढीच की स्वतः कसायची, विकायची नाही, दुसऱ्याला लावून द्यायची नाही. पडीक ठेवली तर परत जाणार.

कालपर्यंत माझ्या रानात वाकलेली बाई माझी शेजारीण झाली. मला ते पचलं नाही. उगाच सोज्वळपणा करून सांगण्यात काय अर्थ आहे?

तर ती आली. डिसेंबर अर्धा सरला होता, येळवस आठ दिवसांवर. बाहेरच्यांना सांगते, येळवस म्हणजे वेळ अमावस्या. आमच्याकडं दिवाळीपेक्षा मोठी. त्या दिवशी गावात कुत्रंसुद्धा राहत नाही, सगळी माणसं रानात. कडब्याची कोप करायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच पांडव मांडायचे, पूजा करायची. भज्जी म्हणजे शेंगा-भाज्यांची पातळ मिसळभाजी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, आणि मातीच्या बिंदग्यात ताकातली आंबील. ते बिंदगं घरच्या पुरुषानं घोंगडं पांघरून डोक्यावर घ्यायचं आणि घरापासून रानापर्यंत चालत न्यायचं. मग "ओलगे ओलगे" असं ओरडत पिकाभोवती आंबील शिंपडायची. रस्त्यानं जाणाऱ्याला हाका मारून जेवायला बसवायचं. येळवशीला कुणी परकं नसतं, असं आम्ही पाहुण्यांना अभिमानानं सांगतो. वस्तीतल्यांना आम्ही कोपीच्या मागच्या अंगाला बसवतो, ते सांगत नाही.

द्वारका पायरीखाली उभी राहिली आणि म्हणाली, "मालकीण, औंदा येळवशीला आमच्या रानात या जेवायला. समद्यांनी या."

"कुणाच्या रानात?" मी विचारलं.

"आमच्या," ती म्हणाली. थोडी लाजली सुद्धा. "लई न्हाय, दोन एकरच हाय. पर ज्वारी बरी आलीया. तुमी एवढी वरसं खायला घातलं, एक दिस माझ्याकडं खा."

वीस वर्षं मी हिच्या वाटीत वरून भज्जी सोडली. हिची वाटी कधी माझ्या पळीला लागू दिली नाही. आणि ही मला वाढणार! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"बघू," म्हटलं, आणि दार लावून घेतलं.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. "आवं, तिच्या पायाखाली आपला बांध हाय. वाट दिलीय कुणी तिला?"

हे हसले. ह्यांच्या डोक्यात ते आधीच शिजत होतं. द्वारकेचा दीर महारुद्र आमचा ट्रॅक्टर चालवतो. भावजयीच्या नावावर जमीन झाल्यापासून त्याला रात्रंदिवस झोप नव्हती. ह्यांनी त्याच्याशी बोलून ठेवलं होतं. वाट बंद झाली की तिची ज्वारी बाहेर निघणार नाही, ट्रॅक्टर आत जाणार नाही. दोन हंगाम तिनं डोक्यावरनं पेंढ्या वाहिल्या की ती दमून रान महारुद्रच्या हाती देईल. कागदावर ती, नांगराला महारुद्र, आणि महारुद्रच्या मागं आम्ही. नाहीच दिलं तर पडीक पडेल आणि सरकार परत घेईल. कसंही झालं तरी बाईच्या हातून सुटणार होतं.

"तुझं डोस्कं चालतं गं कदी कदी," हे मला म्हणाले. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू.

येळवशीच्या आदल्या दिवशी बांधावर बाभळीच्या काट्या पडल्या, पुरुषभर उंच, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

येळवशीला आमच्या कोपीवर पन्नास-साठ माणूस होतं. मी पहाटेपासून चुलीपाशी, कंबर धरली होती. दहाच्या सुमारास कुणीतरी म्हणालं, "ती बघा, आली."

द्वारका बांधावरून येत होती. अंगावर घोंगडं, डोक्यावर बिंदगं. मागं सोनाली, हातात टोपली. दोघींशिवाय कुणी नाही. वस्तीतलंही कुणी आलं नव्हतं, कारण महारुद्रनं तिथं सांगून ठेवलं होतं की बाईनं बिंदगं डोक्यावर घेतलं तर अख्ख्या भावकीला त्रास होतो.

काट्यांपाशी ती थांबली. महारुद्र आमच्या कोपीवरून उठून गेला.

"वहिनी, बिंदगं खाली ठिव. बाईनं घ्यायचं नसतंय."

"मग कुणी घ्यायचं?"

"मी घेतो की. रान बी मी बघतो. तू घरी बस. ह्या काट्या आत्ता काढतो, मालकांचा सबूद हाय."

"रान माझं हाय, महारुद्र."

"तुझं? आगं, सरकारनं दिलं म्हणून तुझं. दादा असता तर दादाच्या नावावर झालं असतं."

"दादा असता तर मिळालंच नसतं," द्वारका म्हणाली. "तो मेला म्हणून मिळालंय. मरायच्या जागी मी जगले, त्याचं रान हाय ते."

आमच्या कोपीवरची माणसं जेवता जेवता ऐकत होती. हे लांबूनच ओरडले, "द्वारके, वाट न्हाय तिथून. हेलिकॉप्टर मागव सरकारकडनं!" सगळे हसले.

ती काट्यांच्या कडेनं, बांध जिथं ढासळलाय तिथून, एक पाय टाकून चढायला गेली. घोंगडं काट्याला अडकलं, मान मागं ओढली गेली आणि बिंदगं पडलं. मातीचंच ते, त्याचे तुकडे झाले. पांढरी आंबील काट्यांवरून ओघळली. कुणी हळहळलं असेल तर मला ऐकू आलं नाही. मी हसले. पदर तोंडाला लावून का होईना, पण हसले.

सोनालीनं टोपली खाली ठेवली, मोबाइल काढला आणि फोटो घेतले. काट्यांचे, खापरांचे, आमच्या कोपीचे, आमच्या सगळ्यांचे. नर्सिंगला आहे ती. आमच्याकडं रोखून बघत घेतले.

रानाला वाट नोंदवून द्या असा त्यांचा अर्ज तहसीलला आधीच पडला होता, हे नंतर कळलं. चौथ्या दिवशी स्थळपाहणी आली.

आल्या त्या मंडळ अधिकारी, दैवशाला मॅडम. तिशीची पोरगी, ड्रेस, पायात बूट, काखेत फाइल. मी चहा घेऊन बांधावर गेले होते. सरकारी माणूस आलं की चहा आमचाच असतो. मी गोड आवाजात विचारलं, "मॅडम, पाहुणे कुठले तुमचे?" माणूस कुठल्या आळीतलं आहे ते आम्ही असं विचारतो, सरळ विचारत नाही.

"कामावर आहे, ताई," ती म्हणाली आणि चहा बांधावर ठेवून दिला. आडनावावरूनही काही उमगेना, तसलं आडनाव दोन्हीकडं असतं.

तिनं नकाशा पसरला. "नकाशात इथं वाट दाखवलेली नाही. म्हणजे पूर्वीपासून वहिवाट होती का, एवढाच प्रश्न आहे. लगतचे लोक काय सांगतात?"

"वाट कदीच नव्हती," हे म्हणाले.

"कदीच न्हाय," महारुद्र म्हणाला.

सोबत आणलेले चार पंच होते, ते वरच्या आळीचेच. त्यांनी माना हलवल्या. द्वारका एकटी म्हणत होती की होती. तिच्याकडं फोटो होते, पण ते काट्यांचे. काट्यांचा फोटो म्हणजे वाटेचा पुरावा होत नाही, असं मॅडमनंच तिला सांगितलं. सोनालीचा चेहरा उतरला. मी बघितलं आणि मला समाधान वाटलं. झालं, मिटलं, आता घरी जाऊन आडवं व्हावं.

तेवढ्यात मॅडमच्या बुटाखाली खापर मोडलं. "हे काय आहे?"

"आंबिलीचं बिंदगं," द्वारका म्हणाली. "येळवशीला घेऊन निगालते. हितं पडलं."

"पडणारच!" मी म्हणाले. मला कुणी विचारलं नव्हतं. पण चार दिवस ते मनात घोळत होतं, आणि समोर शिकलेली बाई बघून मला आपलं शहाणपण दाखवावंसं वाटलं. "मॅडम, तुम्ही नव्या आहात, तुम्हाला सांगते. बाईनं बिंदगं डोक्यावर घ्यायचं नसतं. रीत आहे ती. हिला कुणी शिकवलीच नाही, कशी येणार? सिताबाईनं कधी घेतलं का? उत्तरेश्वरकाका स्वतः घ्यायचे. पुढं काका, मागं सिताबाई, ह्याच बांधावरनं जायचे दर येळवशीला. मी नवी नवरी होते तेव्हा सिताबाई इथंच थांबली, ह्या बाभळीखाली, माझ्या तोंडात उंडा घातला आणि मग पुढं आपल्या रानात गेली. पंचवीस वर्षं बघितलंय मी. एकदा तरी बाईच्या डोक्यावर—"

मॅडमनं नकाशा मिटला, तशी मी थांबले.

मॅडमनं पेन काढलं. "ह्याच बांधावरनं. दर वर्षी. पंचवीस वर्षं."

हे असे माझ्याकडं बघत होते की मी समोर नसते तर बरं झालं असतं. मग मॅडमकडं वळून हसले. "मॅडम, तिचं काय लिवता? बायामाणूस हाय. तोंडाला यील ते बोलती."

"त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं सांगितलंय."

"आवं, ती कोण हाय?" ह्यांचा आवाज चढला. "ती खातेदार हाय का? तिच्या नावावर गुंठाभर तरी जमीन हाय का? ही बत्तीस एकर माझी हाय. ती आपली घरात रांधणारी, वाढणारी. तिच्या सबदाला काय किंमत हाय?"

पंचांसमोर. महारुद्रसमोर. द्वारकेसमोर.

तुम्हाला सांगते, हेच शब्द ह्यांनी मला एकदा गोड करून ऐकवले होते. सहा-सात वर्षांपूर्वी तलाठी घरी आले होते, बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावायचा फॉर्म घेऊन. फुकट होतं, नुसती सही हवी होती. हे म्हणाले, "तिला कागद कशाला? मालकीणच हाय की ती." तलाठी हसले, मीही हसले. मला तो मान वाटला. मूर्ख बाई. माहेरी तर त्याच्याही आधी भावांना हक्कसोड करून दिलं होतं, हिरवी साडी नेसून. या बत्तीस एकरात असा कोपरा नाही जिथं मी खुरपं धरलं नाही. सासू होती तोवर दहा वर्षं मी मजूर बायांच्या ओळीत वाकलेली होते. आणि आज विचारलं तर मी कोण?

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "वाट कुणी बघितली हे विचारतेय मी. कुणाच्या नावावर काय आहे ते मला सातबाऱ्यात दिसतं." मग माझ्याकडं वळल्या. "ताई, तुम्ही म्हणालात ते जबाब म्हणून लिहू का? नको असेल तर तसं सांगा."

"नको म्हण," हे म्हणाले. "आणि घरला हो."

मी द्वारकेकडं बघितलं. तिच्यासाठी माझ्या मनात माया दाटून आली असं कुणाला वाटत असेल तर ते चूक आहे. मला ती तेव्हाही नको होती, तिच्या त्या दोन एकरांसकट नको होती. ती पदर खोचून ताठ उभी होती आणि हात जोडत नव्हती, याचाही मला राग आला. तिनं हात जोडले असते तर कदाचित मी नको म्हणून घरी गेले असते.

"लिहा," मी म्हणाले.

"भुवने!" हे ओरडले.

"लिहा मॅडम. वाट होती. ह्या काट्या येळवशीच्या आदल्या दिवशी टाकल्या. मीच टाका म्हणाले होते, तेही लिहा."

मॅडमनी लिहायला घेतलं. "नाव?"

"भुवनेश्वरी रणधीर." आडनावही सांगितलं.

"वय?"

"सत्तेचाळीस."

"व्यवसाय?"

"शेती."

"कुणाची शेती?" हे खिंकाळल्यासारखे हसले. पंचही हसले, येळवशीला हसले होते तसेच.

मॅडमचं पेन थांबलं. "घरकाम लिहू का?"

मी बोलायच्या आत द्वारका बोलली. "मजूर लिवा, मॅडम. धा वरसं माझ्या शेजारच्या पातीला खुरपत व्हत्या. हात माझ्यापरीस चलाख व्हता त्यांचा." आणि मग, हसण्याचं नावही न घेता, "फरक इतकाच की मला सांच्याला रोज मिळायचा."

माझा हात शिवशिवला. तिला एक ठेवून द्यावी असं वाटलं. सरळ शिवी दिली असती तर मी दहा दिल्या असत्या. वीस वर्षं तिच्या वाटीत मी वरून भज्जी सोडली, आणि वाटी माझी रिकामी होती.

"ती जागा कोरी ठेवा," मी म्हणाले.

"कोरी ठेवता येत नाही, ताई."

"मग काय लिहायचं ते तुम्ही ठरवा. मला वाचून दाखवू नका."

त्यांनी काहीतरी लिहिलं. मी खाली बघितलं नाही, सही केली. माझ्या सहीला वेळ लागतो. या आधीची सही मी हक्कसोडपत्रावर केली होती, तेव्हा मी एकवीस वर्षांची होते.

माझ्या खाली द्वारकेची सही. "खातेदार, इथं," मॅडम म्हणाल्या. तिनं सही केली, अक्षर अक्षर लावून. सोनालीनं शिकवली असणार. मी बघत राहिले.

आमचे हे मोटारसायकलवर बसले आणि मला न घेता गेले. महारुद्र मागं बसला, माझ्या जागेवर. पंच पांगले. घरी गेल्यावर माझं काय होणार ते मला ठाऊक होतं, ते तुम्हाला सांगायची गरज नाही. गाडी आमच्या रानातनं वळसा घेऊन गेली, पण आम्ही काट्यांच्या आतल्या अंगाला उभे होतो आणि सडकेपर्यंत चालत जायला जवळचा रस्ता हाच बांध होता. पायात चप्पल पातळ होती. काट्या अजून तशाच होत्या, कडेनं पाय टाकून उतरायचं, जिथून चार दिवसांपूर्वी ती चढत होती.

"भुवनेश्वरीबाई," मागून आवाज आला.

मी आधी थबकले. कुणाला हाक मारते ते कळेना. नाव तिनं नुकतंच ऐकलं होतं, मॅडमनं लिहिताना.

"काटं बघून पाय टाका."

वीस वर्षं मालकीण म्हणणारी बाई. तिला आता तसं म्हणायचं कारण उरलं नव्हतं, आणि ते तिला माझ्याआधी कळलं होतं. मी तिला ओ दिली नाही, मागं वळूनही बघितलं नाही. पण काटे बघूनच पाय टाकला.